पावती तुमच्या नावावर होणार नाही: दुसऱ्याचं एअरबीएनबी खातं विकत घेण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. उत्तर गोव्यात शिवोलीला एक जण दोन बेडरूमचा फ्लॅट भाड्याने घेऊन एअरबीएनबी या मुक्कामाच्या जागा बुक करायच्या संकेतस्थळावरून पर्यटकांना देतो. आता तो गोवा सोडतोय. फर्निचर, एसी, चादरी-टॉवेल आणि दीडशेच्या आसपास रिव्ह्यू असलेलं 'सुपरहोस्ट' (चांगल्या होस्टला, म्हणजे जागा देणाऱ्याला, कंपनी देते तो बिल्ला) खातं, असं सगळं मिळून सहा लाख मागतोय. त्यातले चार लाख नुसत्या खात्याचे. ईमेल, पासवर्ड आणि सिमकार्ड हातात देतो म्हणतो. पुण्यात राहून हा व्यवहार करावा का?

सामान घ्या, जमलं तर जागेचा करारही घ्या, पण खातं घेऊ नका. कारणं सविस्तर लिहितो, कारण 'नियमात बसत नाही' एवढं ऐकून कुणी थांबत नाही. 'सगळेच करतात' हे उत्तर तयार असतं.

बऱ्याच जणांच्या डोक्यात हा व्यवहार पागडीसारखा असतो. मुंबईत पागडीची खोली विकली जाते तेव्हा मालक आपला वाटा घेतो आणि भाडेपावती नव्या माणसाच्या नावावर करतो. त्या खोलीची सगळी किंमत त्या पावतीत असते. एअरबीएनबीच्या अटींमध्ये मात्र खातं दुसऱ्याला देता येणार नाही आणि एका माणसाने एकापेक्षा जास्त खाती उघडायची नाहीत, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणजे पावती बदलून देणारा मालकच इथे तयार नाही. चार लाख तुम्ही मोजता आणि पावती जुन्याच माणसाच्या नावावर राहते. पुढचे सगळे धोके यातूनच निघतात.

खात्याच्या सेटिंगमध्ये एकदा नीट बघा. पहिल्या ओळीत कायदेशीर नाव, ते विकणाऱ्याचं. खाली ओळखपत्राची पडताळणी झाल्याची नोंद, म्हणजे त्याचं आधार, पासपोर्ट किंवा लायसन, आणि कधी कधी त्याचा सेल्फी. मग फोन नंबर आणि ईमेल. पुढच्या पानावर पैसे जमा होणारं बँक खातं, आणि कराच्या पानावर त्याचा पॅन. या सगळ्यात पासवर्ड ही सर्वांत कच्ची वस्तू आहे, आणि तुम्हाला तेवढीच मिळते. पासवर्ड बदलला, ईमेल बदलला, फोन नंबरही बदलला तरी 'माझं खातं कुणीतरी ताब्यात घेतलंय' अशी तक्रार तो कधीही करू शकतो. कंपनी तेव्हा ओळखपत्र मागते. नोंदीतल्या ओळखपत्राशी त्याचा चेहरा जुळतो, तुमचा जुळत नाही. तो खोटंही बोलत नसतो, कारण खातं खरोखर त्याचंच आहे. हे साधारण डिसेंबरमध्ये होतं, नाताळ ते नवीन वर्षाची बुकिंगं भरलेली असताना. तेव्हा खात्याला सर्वांत जास्त किंमत असते.

सिमकार्ड हातात आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सिम ज्याच्या आधारवर आहे तो दुकानात जाऊन 'हरवलं' म्हणून डुप्लिकेट काढू शकतो आणि तुमच्या हातातलं त्याच दिवशी बंद पडतं. रिचार्ज विसरला आणि नंबर बंद झाला, तर काही काळाने तो तिसऱ्याच कुणाला दिला जातो. नवीन फोनवर लॉगिन करताना येणारा सहा आकडी ओटीपी मग त्या अनोळखी माणसाला जातो. रात्री अकराला पाहुणे गेटवर उभे आहेत आणि तुम्ही ओटीपीसाठी विकणाऱ्याला फोन लावताय, हा प्रसंग या धंद्यात नेहमीचा आहे.

पैशाची बाजू याहून वाईट. पाहुण्याच्या चेक-इनची वेळ झाल्यावर साधारण २४ तासांनी कंपनी होस्टला पैसे सोडते. ते कुठे जाणार, याला दोनच वाटा आहेत. पहिली म्हणजे खात्यात तुमचं बँक खातं जोडायचं. मग ओळखपत्र आणि पॅन एका नावाचे, बँक खातं दुसऱ्या नावाचं, अशी विसंगती कंपनीच्या नोंदीत आपणहून उभी राहते. खातं तपासणीला लागण्याचं हे सर्वांत सरळ निमित्त आहे. तपासणी चालू असेपर्यंत पैसे अडकतात आणि घरमालकाचं भाडं मात्र एक तारखेला द्यावंच लागतं.

दुसरी वाट म्हणजे विकणाऱ्याचंच बँक खातं चालू ठेवायचं आणि त्याचं एटीएम कार्ड, चेकबुक आणि नेटबँकिंग आपल्याकडे घ्यायचं. हे अजिबात करू नका. गुन्ह्याचा पैसा फिरवायला असंच दुसऱ्याच्या नावाचं बँक खातं वापरतात, त्याला सायबर पोलीस 'म्यूल अकाउंट' म्हणतात. त्या खात्यात कुठूनही संशयित रक्कम आली, अगदी विकणाऱ्याच्या जुन्या व्यवहारातली, तरी बँक खातं गोठवते. पोलिसांचा फोन आल्यावर कार्ड तुमच्याकडे कसं, याचं उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.

कर हा भाग विकणारे 'माझा सीए बघेल' म्हणून उडवून लावतात, तर तिथे जरा थांबा. प्लॅटफॉर्म होस्टच्या पॅनवर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून ई-कॉमर्सचा हा दर ०.१ टक्के आहे, त्याआधी १ टक्का होता. रक्कम किरकोळ, पण परिणाम मोठा. वर्षभरात त्या खात्यावर १२ लाखांची बुकिंगं झाली तर ते १२ लाख विकणाऱ्याच्या पॅनवरच्या करकपातीच्या सरकारी नोंदीत आणि वार्षिक माहिती विवरणात (एआयएस) दिसतात. तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. त्याने ते उत्पन्न विवरणपत्रात दाखवलं नाही तर प्राप्तिकर खात्याची नोटीस त्याला जाते, आणि नोटीस हातात पडलेला माणूस पहिलं काम करतो ते खातं बंद करण्याचं. तुम्ही प्रामाणिकपणे आपल्या विवरणपत्रात ते दाखवलं तरी टीडीएस दुसऱ्याच्या पॅनवर आणि पावत्या दुसऱ्याच्या नावाच्या. समजावून सांगायला कागद उरत नाही.

जीएसटीचंही तेच. होस्टची नोंदणी नसेल तर अशा राहण्याच्या सेवेवरचा जीएसटी प्लॅटफॉर्म स्वतः भरतो. पण विकणाऱ्याचा जीएसटी नंबर खात्यात टाकलेला असेल, तर तुमच्या प्रत्येक बुकिंगवरचा कर त्याने आपल्या रिटर्नमध्ये भरायचा असतो. गोवा सोडून गेलेला माणूस दर महिन्याला तुमच्यासाठी रिटर्न भरेल का, याचा विचार करा. शिवाय २० लाखांची मर्यादा पॅनवर मोजतात, खात्यावर नाही. त्याचा दुसरा काही धंदा असेल तर त्याची आणि तुमची उलाढाल एकत्र धरली जाते. चार लाख रोखीत मागत असेल तर तेही नाकारा. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेण्याला प्राप्तिकर कायद्यात मनाई आहे आणि घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. पण खरं नुकसान तुमचं असतं. रोख दिलेल्या पैशाचा पुरावा तुमच्याकडे राहत नाही.

आता ज्याच्यासाठी चार लाख मागितले जातात त्या रिव्ह्यूंकडे आणि सुपरहोस्टच्या बिल्ल्याकडे वळू. सुपरहोस्ट ही पदवी कायमची मिळत नाही. दर तीन महिन्यांनी, म्हणजे १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबरला, मागच्या ३६५ दिवसांचा हिशोब होतो. निदान १० मुक्काम (किंवा एकूण १०० रात्रींची ३ बुकिंगं), ९० टक्के प्रतिसाद, ४.८ रेटिंग आणि होस्टने केलेल्या रद्दबातल बुकिंगांचं प्रमाण १ टक्क्याच्या आत, अशा चारही अटी पाळाव्या लागतात. शेवटची अट बघा. वर्षाला शंभरापेक्षा कमी बुकिंगं असलेल्या फ्लॅटवर तुम्ही सबळ कारणाशिवाय एक बुकिंग रद्द केलं तरी एक टक्का ओलांडला जातो. मालकी बदलतानाच्या गडबडीत एखादी तारीख दोनदा विकली जाणं अगदी सहज होतं. चार लाखांचा बिल्ला मग पुढच्या तिमाहीला जातो.

रिव्ह्यू वाचा. गोव्यातल्या चांगल्या लिस्टिंगवर, म्हणजे जागेच्या पानावर, लोक फ्लॅटबद्दल कमी आणि माणसाबद्दल जास्त लिहितात. रात्री दोनला फ्लाइट उशिरा आली तरी जागा होता, स्कूटर मिळवून दिली, लाइट गेले तेव्हा इन्व्हर्टर स्वतः येऊन बघितला, असं. दीडशे रिव्ह्यूंत एक नाव शंभरदा येतं. पाहुणा ते वाचून येतो, दार उघडतो दुसराच कोणी, आणि मेसेजला उत्तर देणाऱ्याचा सूर वेगळा. फोटोतला माणूस भेटला नाही, ही तक्रार पाहुण्याने केली की खात्यामागे कोण आहे याची चौकशी सुरू होते. काही जण तर तेच खातं घेऊन पत्ता आणि फोटो बदलतात आणि वेगळाच फ्लॅट लावतात, म्हणजे शिवोलीचे रिव्ह्यू कळंगुटच्या खोलीला. हे प्लॅटफॉर्मच्या नियमांत बसत नाहीच, पण पाहुण्याची सरळ फसवणूकही आहे. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचं सोंग घेऊन फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. विकणाऱ्याची संमती होती, हा बचाव इथे लंगडा पडतो, कारण फसवला जातो तो पाहुणा.

न दिसणारी देणी हा आणखी एक खड्डा. चेक-आउटनंतर पाहुण्याला रिव्ह्यू लिहायला १४ दिवस मिळतात. म्हणजे विकणाऱ्याने शेवटच्या आठवड्यात, कामातून मन उडाल्यावर, ज्यांना कसंबसं सांभाळलं त्यांचे रिव्ह्यू तुमच्या पहिल्या पंधरवड्यात पडतात. त्याने जाताजाता रद्द केलेल्या बुकिंगांचा दंड पुढच्या जमा रकमेतून वळता होतो. हा दंड चेक-इनला ३० दिवसांहून जास्त असतील तर १० टक्के, ३० दिवस ते ४८ तासांदरम्यान २५ टक्के, आणि त्यानंतर न राहिलेल्या रात्रींच्या ५० टक्के असतो. वीस हजारांचं बुकिंग दहा दिवस आधी रद्द केलं तर पाच हजार गेले. खात्यावर आधी कंपनीचे इशारे आलेले आहेत का, हे तर बाहेरून कळतच नाही. आणि नुकसानभरपाईचं काय? पाहुण्याने टीव्ही फोडला तर एअरकव्हर या कंपनीच्या होस्टसाठीच्या संरक्षण योजनेखाली चेक-आउटपासून १४ दिवसांत दावा करता येतो. पण दावा करायचा खातेदाराने, बिलं खातेदाराची. टीव्हीचं बिल तुमच्या नावाचं, खातं त्याच्या नावाचं, अशा स्थितीत दावा लावून धरणं म्हणजे आपणच आपली चौकशी मागवणं.

खात्याच्या बाहेरचे परवानेही त्याच्या नावावर असतात, आणि लोक ते विसरतात. गोव्यात पर्यटकांना जागा भाड्याने द्यायची तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. ती नोंदणी तुम्हाला तुमची करावी लागेल. परदेशी पाहुणा आला की २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन भरायची, ज्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणतात. ते लॉगिनही जागा चालवणाऱ्याच्या नावावर मिळतं. त्याच्या लॉगिनवरून तुम्ही माहिती भरत राहिलात तर सरकारदरबारी जबाबदार तो, आणि प्रत्यक्षात पासपोर्टच्या प्रती तुमच्याकडे. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचा नवा कायदा लागू आहे, तेव्हा यात ढिलाई नको. महाराष्ट्रात अलिबाग, लोणावळा किंवा तारकर्लीला असाच व्यवहार करत असाल तर सोसायटी किंवा ग्रामपंचायतीचे कागद आणि असल्यास 'निवास व न्याहारी' योजनेची नोंदणी कुणाच्या नावावर आहे, हे आधी विचारा.

आणि मूळ प्रश्न, फ्लॅटचा मालक कोण? इथे विकणारा स्वतःच भाडेकरू आहे. त्याच्या करारात पोटभाड्याने द्यायला परवानगी आहे का, ती फक्त त्यालाच आहे का, सोसायटीने पर्यटकांना मनाई केली आहे का, हे कागद न बघता त्याला एक रुपया देऊ नका. घरमालकाने उद्या 'मी तुम्हाला ओळखत नाही' म्हटलं तर खातं, रिव्ह्यू, बिल्ला सगळं हवेत राहील.

मग करायचं काय? पहिल्यांदा घरमालकाला भेटा आणि तुमच्या नावाचा नोंदणीकृत करार करा. त्यात पर्यटकांना कमी मुदतीने देण्याची परवानगी शब्दांत लिहून घ्या. सामानाची यादी करून त्याची किंमत वेगळी ठरवा. एसी किती वर्षांचा, गाद्या कोणत्या, इन्व्हर्टरच्या बॅटरीची वॉरंटी किती उरली, एवढ्या बारकाईने. फोटोग्राफरकडून काढलेले फोटो वापरण्याचा लेखी हक्क, इन्स्टाग्राम पान आणि गुगलवरची व्यवसायाची नोंद याही गोष्टी घेता येतात. गुगलवर मालकी दुसऱ्याकडे देण्याची सोय अधिकृत आहे, नव्या माणसाला सर्व अधिकार यायला सात दिवस लागतात इतकंच. बुकिंग डॉट कॉमवर जागा असेल तर त्यांच्याकडे मालक बदलल्याचं कळवण्याची रीतसर प्रक्रिया आहे. तिथे नवा करार तुमच्या नावावर होतो.

एअरबीएनबीसाठी हस्तांतराची एक तारीख धरा, समजा १ जून. पावसाळ्याच्या तोंडावरची तारीख चांगली, कारण बुकिंगं कमी असतात. आजच त्याच्या लिस्टिंगवर १ जूनपासून पुढच्या तारखा बंद करायला सांगा. त्यापुढची जी बुकिंगं आधीच झालेली आहेत ती त्याच्याच खात्यावर पार पडू द्या, आणि त्याने तुम्हाला को-होस्ट म्हणून जोडावं. को-होस्टला मेसेज, कॅलेंडर आणि चेक-इन सांभाळता येतं. मुख्य होस्टचं बँक खातं आणि कराची माहिती त्याला उघडत नाही, आणि तेच योग्य आहे. त्या मुक्कामांचे पैसे त्याला येतील, तुमच्या कामाचा मोबदला तो बँकेतून तुम्हाला देईल, तुम्ही त्याचं बिल द्याल. दोघांची कर-नोंद स्वच्छ राहते. तुम्ही आपल्या पॅनवर, आपल्या ओळखपत्रावर नवी लिस्टिंग तयार करा आणि ती रिकाम्या तारखांसाठीच उघडा. एकच तारीख दोन्हीकडे कधीही उघडी ठेवू नका. शेवटचा पाहुणा गेला की त्याने जुनी लिस्टिंग काढून टाकायची, आणि त्याच्या पैशाचा शेवटचा हप्ता, निदान २० टक्के, तुम्ही तोपर्यंत राखून ठेवायचा.

'नव्या लिस्टिंगला कोण विचारणार' ही भीती खरी आहे, पण तिचा आकडा काढून बघा. समजा रात्रीचा दर ४,५०० रुपये. नव्या लिस्टिंगला पहिल्या तीन बुकिंगांसाठी २० टक्के सवलतीची योजना मिळते. तीन-तीन रात्री धरल्या तर ९ रात्री, प्रत्येकी ९०० कमी, म्हणजे ८,१००. त्यानंतर ४५ रात्री दर १५ टक्के उतरवला तर ३०,३७५. वर १५ रात्री रिकाम्या गेल्या असं धरलं तर ६७,५००. सगळं मिळून एक लाख सहा हजारांच्या आत. रेटिंगचे तारे तीन रिव्ह्यूनंतर दिसू लागतात, आणि सुपरहोस्टसाठी लागणारे दहा मुक्काम एका बऱ्या हंगामात होतात. या लाखाच्या बदल्यात जे उभं राहतं ते तुमच्या नावावर असतं.

एक रस्ता वेगळा आहे, तोही सांगतो. खातं व्यक्तीच्या नावावर नसून प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर असेल तर कंपनीचे शेअर विकत घेता येतात. तेव्हा खातेदार, पॅन, जीएसटी नंबर, बँक खातं काहीच बदलत नाही, बदलतात भागधारक आणि संचालक, आणि ते प्लॅटफॉर्मला आणि बँकेला कळवायचं असतं. शेअर हस्तांतराचा एसएच-४ फॉर्म, संचालक बदलाचा डीआयआर-१२, हे काम सीए किंवा कंपनी सेक्रेटरीकडून करून घ्या. मात्र कंपनीची जुनी सगळी देणी सोबत येतात. एका फ्लॅटसाठी हा खटाटोप मी सुचवणार नाही. आठ-दहा व्हिला असतील तर विचार करण्यासारखा आहे.

आणि ज्यांनी खातं आधीच घेतलंय त्यांच्यासाठी. घाबरून सगळी बुकिंगं रद्द करू नका, दंड आणि पाहुण्यांचे हाल दोन्ही होतील. नव्या तारखा आज बंद करा. विकणाऱ्याशी बोलून बँक खातं, फोन आणि ईमेल पुन्हा त्याचेच करा, स्वतः को-होस्ट व्हा आणि उरलेले मुक्काम तसेच पूर्ण करा. त्याचं एटीएम कार्ड आणि चेकबुक लेखी पोच घेऊन परत द्या. आतापर्यंत हातात आलेलं उत्पन्न आपल्या विवरणपत्रात दाखवा, त्याच्या पॅनवर कापलेल्या टीडीएसचं काय करायचं ते दोघांच्या सीएंना एकत्र बसवून ठरवा. त्याने तुम्हाला खात्याबाहेर काढून पैसे स्वतःकडे वळवले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करता येते, पण आधी वकिलाशी बोला, कारण खातं तुम्ही विकत घेतलं होतं हेही त्या तक्रारीत उघड होणार.

दाराकडेही लक्ष द्या. स्मार्ट लॉक असेल तर त्याचा मास्टर कोड बदला आणि विकणाऱ्याच्या फोनमधल्या अ‍ॅपचा प्रवेश काढा. त्याच्या खात्यात चेक-इनच्या आदल्या दिवशी आपोआप जाणारा मेसेज ठरवून ठेवलेला असतो, त्यात दाराचा कोड आणि वायफायचा पासवर्ड असतो. लिस्टिंग चुकून चालू राहिली तर तो मेसेज पुढच्या प्रत्येक पाहुण्याला जात राहतो, आणि तुमच्या पाहुण्यांच्या मुक्कामात दुसरंच कुटुंब सामानासकट दार उघडून आत येतं.